अप्पांच्या देवाचा हवापालट

देवाला रोज फिरायला नेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे घरमालक होते. अणदूरला त्यांचं कापडाचं दुकान होतं, दुकानामागे घर, घरामागे शेत, आणि सगळं गाव त्यांना अप्पा म्हणत असे. मी तेव्हा निजामाच्या करोडगिरी खात्यात कारकून होतो. सोलापूर म्हणजे इंग्रजी मुलूख, आमचा निजामाचा, आणि मधल्या रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घेणं हे आमचं काम. दिवसभर लोकांच्या गाठोड्यांत हात घालायचा आणि संध्याकाळी अप्पांच्या घरी भाड्याच्या खोलीत पाठ टेकायची. मूळचा मी भूमकडचा. आमच्या तिकडे बघण्यासारखं फारसं काही नाही अशी माझी समजूत होती, त्यामुळे बघण्याची सवयही नव्हती.

आता देवाला फिरायला कसं नेतात ते सांगतो. अप्पा लिंगायत. त्यांच्यात बाई असो की बाप्या, प्रत्येकाच्या गळ्यात स्वतःचं इष्टलिंग असतं, चांदीच्या डबीत घालून दोऱ्यानं अडकवलेलं. रोज ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा, आणि ही पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. बाकीचे लोक ही पूजा घरात पाटावर बसून करतात. अप्पा सकाळी उठले की आंघोळ करून, गळ्यातली डबी चाचपून रानाकडे चालू लागायचे. तिथे त्यांना काहीतरी पसंत पडायचं. मग उभ्याउभ्याच लिंग काढून तळहातावर घ्यायचे, पूजा करायचे, हात लांब करायचे आणि म्हणायचे, "बघ."

संध्याकाळी पुन्हा एक फेरी असे. तिला पूजेचं निमित्तही नसायचं.

मी नवा होतो तेव्हा एकदा विचारलं, "अप्पा, हे सगळं देवानंच केलंय ना? मग त्याला कशाला दाखवता?"

"त्यानंच केलंय की," अप्पा म्हणाले. "पर केल्यापास्नं डबीत हाय बिचारा. कुटं बघितलंय त्यानं?"

अप्पांशी वाद घालण्यात अर्थ नसे, कारण ते वाद घालत नसत. गावातल्या म्हाताऱ्यांनी त्यांना बरंच सुनावून पाहिलं होतं. उघड्यावर, काट्याकुट्यात, कुणाचीही नजर पडेल असं लिंग काढणं बरं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. अप्पांनी खंडोबाचा दाखला दिला. अणदूरचा खंडोबा दर साली दोनेक महिने नळदुर्गला राहायला जातो आणि मग वाजतगाजत परत येतो, ही तिथली जुनी रीत. "खंडोबाला हवापालट चालतो," अप्पा म्हणाले, "मग माज्या देवानं काय घोडं मारलंय?" म्हातारे उठून घरी गेले. खंडोबाच्या विरुद्ध बोलण्याची अणदूरमध्ये कुणाची छाती नव्हती.

अप्पांना काय आवडेल याचा नेम नसे. पौर्णिमेचा चंद्र त्यांना बिलकूल पसंत नव्हता. "त्येला समदेच बघत्यात. त्येला माजी काय गरज?" बागेतले गुलाबही नकोत. पण शाळूच्या ताटाला लटकलेलं, दवानं भरलेलं कोळ्याचं जाळं दिसलं की ते पावलं न वाजवता उभे राहत. बांधावर पडलेली सापाची कात त्यांनी देवाला दोन्ही बाजूंनी दाखवली होती. एका साली गारा पडल्या. उभी ज्वारी डोळ्यांदेखत आडवी होत होती, त्यांची बायको, अव्वा, दारात उभी राहून कपाळ बडवत होती आणि अप्पा डोक्यावर पाट धरून अंगणात उभे. दुसरा हात पुढे. पीक त्यांचंच होतं. संध्याकाळी भेटायला आलेल्या लोकांना म्हणाले, "गेलं ते वाईटच झालं. पर पडत कसलं हुतं!"

कुठल्याही पाखराचं, झाडाचं नाव त्यांना धड येत नसे. नाव सांगायला गेलं तर म्हणत, "ऱ्हाऊ द्या. नाव कळलं का मानूस बघायचं सोडतोय."

दुकानात या सगळ्याचा मोठा घोटाळा होई. लढाईचे दिवस होते, कापडाला कंट्रोल होतं. माल आला की दुकानापुढे बायकांची रांग लागायची. अशा एका सकाळी अप्पा एका बाईला लुगड्याचं कापड मोजून देत होते. अर्ध्यात आभाळातून आवाज आला. लांब मानेची पाखरं, थव्यानं, दक्षिणेकडे निघालेली. अप्पा लोखंडी गज हातात घेऊन तसेच बाहेर गेले ते परतलेच नाहीत. कापडाचं एक टोक बाईच्या हातात, दुसरं गादीवर. शेवटी आतून अव्वा आली. गज अप्पांबरोबर गेलेला, म्हणून तिनं हातानं मोजून कापड फाडलं आणि बाईला दिलं. ती बाई म्हणाली, "अव्वा, मालक कुटं गेलं?" अव्वा म्हणाली, "पाखरांमागं." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारलं.

अव्वाचं थोडं सांगायला हवं. अंगानं बारीक, आवाजानं खणखणीत, आणि सगळं घर, दुकान, शेत तिच्याच जिवावर चालायचं. तिची स्वतःची पूजा पहाटेच, आतल्या खोलीत, कुणाला पत्ता न लागता होऊन जाई. अप्पा तिला कितीदा तरी म्हणाले असतील, "अगं, ये की एकदा. बग तरी." ती कधीच गेली नाही. भरलेली नदी बघायला चल म्हटलं तर म्हणाली, "पानी बघाय कशाला जायाचं? घरात रांजन हाय." बोलताना ती हसत नसे. अप्पा गेल्यावर मात्र दाराकडे एकदा बघून घ्यायची आणि मग भांडी जरा जास्तच जोरात घासायची. मला वाटे, तिचा तो स्वभावच आहे.

एकदा अप्पा फिरत फिरत आमच्या नाक्यावर आले. नाक्यावर नवे दरोगासाहेब आले होते. हैदराबादचे, कडक, धुळीला वैतागलेले. रस्त्याच्या कडेला एक मनुष्य चांदीची डबी उघडून उभा आहे हे त्यांनी पाहिलं आणि हाक मारली.

"इसमें क्या है?"

"देव हाय," अप्पा म्हणाले.

"कहाँ ले जा रहे हो?"

"फिराय."

दरोगासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. देवावर जकात बसते का, हे मला आठवेना. मी म्हणालो, हे माझे घरमालक आहेत, सभ्य गृहस्थ आहेत. अप्पांना या बोलण्यात काही गोडी नव्हती. त्यांनी साहेबांच्या बाहीला हलकेच हात लावला आणि पश्चिमेकडे बोट केलं. दिवस मावळत होता. वाटेवर मेंढरं चालली होती, त्यांच्या पायांनी उडालेल्या धुळीत ऊन शिरलं होतं, आणि दोन कोसांचा मुलूख सोन्यात बुडाल्यासारखा दिसत होता. ती धूळ रोजच उडायची. साहेबांनी बराच वेळ पाहिलं. मग डोक्यावरची टोपी सारखी केली, हळूच "सुभानअल्लाह" म्हणाले आणि आत जाऊन मला कालच्या पावत्या का जुळत नाहीत म्हणून झापलं. पण त्या दिवसापासून त्यांचा संध्याकाळचा चहा बाहेर जाऊ लागला.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यात अप्पांचा जीव जायची वेळ आली.

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर दगडी बांध आहे आणि बांधाच्या पोटात महाल. नदी भरली की महालाच्या खिडक्यांसमोरून पाण्याच्या दोन धारा कोसळतात. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. त्या साली भादव्यात पाऊस लागून राहिला होता. धारा सुटल्याची बातमी आली आणि अप्पांनी गाडीवानाकडून बैलगाडी जोडून घेतली. अव्वाला विचारलं. तिनं रांजणाकडे बोट दाखवलं. मग मला घेऊन गेले. मला सुट्टी होती आणि गाडीत झोपता येईल असा माझा हिशेब होता.

पूजा धबधब्यापाशीच करायची म्हणून अप्पांनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आम्ही पायऱ्या उतरून बांधाच्या आत गेलो. आवाज आधी पायांना कळला, मग कानांना. खिडकीपाशी गेलो तर समोर नदी उभी. मी प्रामाणिकपणे सांगतो, आधी मी घाबरलो. मग भीती कुठे गेली कळलं नाही, आणि आपण कारकून आहोत, तेही थोडा वेळ विसरलो. अप्पांचा चेहरा ओला झाला होता, पाण्यानं की कशानं ते सांगता येत नाही. त्यांनी लिंग तळहातावर घेतलं, विभूती लावली, बेल ठेवला आणि हात खिडकीतून बाहेर काढला.

"बघ," ते म्हणाले. मग पुन्हा, ओरडून, "अरं बघ की!"

तुषारांनी विभूती भिजली आणि तळहात बुळबुळीत झाला. आधी बेलाचं पान उडालं. त्याच्यामागोमाग लिंग.

अप्पांनी हात तसाच ठेवला. रिकामा हात धारेपुढे. बऱ्याच वेळानं आत घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "गेला." खाली फेसाळत पडणाऱ्या पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्याच बघ बघ म्हनत हुतो."

शोधायचं म्हणजे नदी उपसायला हवी होती. आम्ही परत निघालो. वाटेत गाडीवानानं भाकरी सोडली. अप्पांनी नको म्हणून मान हलवली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लिंग नाही तर पूजा नाही, आणि पूजा नाही तर अन्न नाही, पाणी नाही.

घरी अप्पांनी अव्वाला एका वाक्यात सांगितलं. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. ती चुलीपुढून उठली, चुलीतली लाकडं बाहेर ओढून विझवली आणि भिंतीला टेकून बसली. नवऱ्याच्या आधी ती कधी जेवत नसे, आता पाणीही घेईना. तिला अशी गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

गावातले म्हातारे आले. लिंग हरवलं तर त्याच्यामागं जीव द्यायचा, असा जुना दंडक त्यांनी सांगितला. मात्र त्यांच्या गुरूंनी, म्हणजे स्वामींनी, प्रायश्चित्त देऊन नवं लिंग दिलं तर सुटका आहे, असंही म्हणाले. स्वामी जळकोटला कुणाकडे पूजेला गेले होते. माणूस धाडला. पण वाटेतले ओढे भरलेले. जे पाणी आम्ही हौसेनं बघून आलो होतो, तेच आता रस्त्यात आडवं पडलं होतं.

अप्पा मधल्या घरात घोंगडीवर पडून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांचे ओठ फुटले. मी म्हणालो, "अप्पा, निदान चूळ तरी भरा." माझ्या गळ्यात लिंग नाही, त्यामुळे माझ्या हातचं पाणी त्या घरात एरवीही चालत नसे. तरी तांब्या घेऊन मी उगीच उभा राहिलो. त्यांनी तांब्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "मुन्शीजी, भायेर काय चाललंय?"

मी बाहेर जाऊन आलो. "काही नाही. ढग आहेत."

"कसलं?"

"काळे."

"आन्?"

"आणि काय? ढगच."

"मुन्शीजी," अप्पा क्षीण आवाजात म्हणाले, "गाठुडं तपासल्यावानी बघू नका."

मी पुन्हा गेलो. यावेळी जरा वेळ लावला. आत येऊन सांगितलं की ढग खालून काळे आहेत, वरून पांढरे आहेत, आणि मधून ऊन गळतंय. अप्पांनी डोळे मिटले आणि "हां" म्हणाले. त्यानंतर दर थोड्या वेळानं मी बाहेर जात होतो. मला त्या माणसाची माया होती. हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी स्वामी आले. लहानखुरे, वाळलेले, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. अप्पांना आम्ही धरून पूजेच्या खोलीत आणलं. आमच्याकडच्या धाब्याच्या घरांना बाहेरून खिडकी नसते. चोर, ऊन, धूळ, सगळंच बाहेर ठेवायची ही रीत. त्या खोलीतही पुढे दार, बाकी भिंती, आणि मागच्या भिंतीत दिव्याचा कोनाडा. स्वामींनी पिशवीतून नवं लिंग काढलं, पण मुठीतच ठेवलं. दारात गाव उभं होतं.

"देतो," स्वामी म्हणाले. "पर आजपास्नं पूजा ह्या खोलीत. पाटावर बसून, ह्या भिंतीकडं तोंड करून. भायेर काढायचं न्हाय. कबूल?"

यात कबूल न करण्यासारखं काय होतं? मी तर मनात पाणी ओतायलासुद्धा लागलो होतो. अप्पांनी भिंतीकडे पाहिलं.

"न्हाय जमायचं, स्वामी."

"जीव जातोय तुमचा."

"जातोय खरा."

"मग?"

अप्पांची जीभ सुकली होती. एकेक शब्द ते ओढून काढत होते. "दीक्षा झाली तवा म्या पोरगा हुतो. बापानं हितंच बसवलं, ह्याच भिंतीम्होरं. म्हनायचा, देव दिसतोय का? म्या म्हनायचो, दिसतोय. काय बी दिसत न्हवतं. भिंत दिसायची. रोज देवाच्या म्होरं खोटं बोलायचो, आन् लई भ्या वाटायचं. मग येकदा करडईच्या रानात हुतो. समदी फुलली हुती, वरनं कवळं ऊन. म्या सहज हात फुडं केला." ते थांबले. "काय झालं ते सांगता येत न्हाय. पर त्या दिशी म्या खोटं बोललो न्हाय."

अप्पांनी फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवली.

"लोकान्ला म्हनायचो, देवाला दावतोय. तसं न्हाय. त्यो मला हितं गावत न्हवता, म्हून जायचो. आता मरताना परत भिंतीम्होरं बसून खोटं बोलू व्हय?"

स्वामींनी मूठ उघडली नाही. पण त्यांच्या तोंडावरचा कडकपणा गेला होता. ते अडचणीत पडलेल्या माणसासारखे दिसत होते. "अप्पा, गावाम्होरं घातलेला नेम हाय. म्या तरी कसा मोडू?"

इतक्यात उंबऱ्यापाशी बसलेली अव्वा बोलली. दोन दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य.

"म्हंजी तुमी माज्यापायी जात न्हवता?"

अप्पांनी मान वळवली. "तुज्यापायी?"

"मला वाटायचं, घरात माजं तोंड बघाय नको म्हून रानात जातासा. रोज सकाळी. लगीन झाल्यापास्नं."

"शिव शिव," अप्पा म्हणाले. "तुजं तोंड न्हाय गं. भिंत."

अव्वा त्यांच्याकडे बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसलं, उठली आणि स्वामींपुढे जाऊन उभी राहिली.

"स्वामी, तोंड भिंतीकडं आसलं म्हंजी झालं न्हवं?"

"व्हय."

"भिंत कशी आसावी, त्येचा काय नेम हाय?"

स्वामींनी विचार केला. प्रामाणिक माणूस होता. "न्हाय," म्हणाले.

"मुन्शीजी, पहार आना."

कोनाड्यात भिंत निम्मीच जाड असते, हे मला तेव्हा कळलं. अव्वानं दिवा उचलून बाजूला ठेवला. मी पहार घातली. माझ्यानं फारसं होईना, तेव्हा तिनं माझ्या हातातून ती काढून घेतली. दोन दिवसांची उपाशी, तहानलेली बाई, आणि घाव असे घालत होती, की त्या भिंतीशी तिचं जुनं वैर असावं. माती ढासळली, एक दगड हलला, मग बाहेरच्या अंगाला पडला. धूळ उडाली. गावानं खोकून घेतलं. धूळ बसली तेव्हा कोनाड्याच्या जागी आरपार भोक होतं, तिरपं, वेडंवाकडं, आणि त्यातून उजेडाचा एक मोठा तुकडा सरळ पाटावर येऊन पडला होता.

मागे कारळ्याचं रान होतं. पावसानं धुतलेलं, पिवळंधमक, चढावर थेट माळापर्यंत गेलेलं. माळावरून ढगाची सावली चालली होती. ती जाईल तिथलं पिवळं विझायचं आणि ती पुढे सरकली की पुन्हा पेटायचं. हे रान घरामागे दर साली फुलत होतं. घरातून ते कुणी कधी पाहिलं नव्हतं.

स्वामी वाकून त्या भोकातून पाहत राहिले. किती वेळ ते मी सांगू शकत नाही, कारण मीही तेच करत होतो. मग ते मागे आले, अप्पांना पाटावर बसवलं, तोंड भिंतीकडं आहे ना हे नीट बघितलं, मंत्र म्हटले आणि नवं लिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं. अप्पांनी विभूती लावली. हात पुढे केला. आज ते "बघ" म्हणाले नाहीत. नुसते बसून राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तीन दिवस थेंब न घेतलेल्या माणसात ते कुठून आलं कोण जाणे.

पूजा झाली. अप्पांनी लिंग डबीत घातलं, ओंजळ केली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अगं, पानी."

अव्वा भरलेला तांब्या घेऊन भोकापाशीच उभी होती. केसांत माती, तोंडावर माती, आणि नजर बाहेर.

"अगं, पानी दे."

"थांबा की जरा," अव्वा म्हणाली.

अप्पा थांबले. सगळेच थांबले. मग स्वामींनी पुढे होऊन तिच्या बोटांतून तांब्या हळूच सोडवून घेतला आणि अप्पांच्या ओंजळीत पाणी ओतलं. अव्वाचा हात तांब्या धरल्यासारखा तसाच राहिला. तो रिकामा झाल्याचं तिला कळलंसुद्धा नाही.